तलावावरची जेट्टी मोडकळीला आली आहे. नवी कुठल्या पैशातून उभी करावी?

तुडूम
३ नोव्हेंबर

नमस्कार. भंडारा जिल्ह्यातल्या एका तलावकाठच्या गावात राहते, ग्रामपंचायतीची सदस्य आहे. गावाचं नाव देत नाही. कुणाला उघडं पाडायचं नाही, वाट शोधायची आहे.

तलाव मालगुजारीच्या म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातला. पार (बांध), सलंग (सांडवा), तुडूम (पाणी सोडायचं दार) सगळं अजून जागेवर. वीसेक वर्षांपूर्वी पर्यटनाच्या एका योजनेतून काठावर साठेक फुटांची जेट्टी झाली. सिमेंटचे खांब, त्यावर लोखंडी सांगाडा, वर सागाच्या फळ्या. बोटिंगसाठी म्हणून बांधली, पण वापरतं ते सगळं गाव. पहाटे ढीवर भावांचे डोंगे तिलाच लागतात, मासळीचं वजन तिथेच होतं. रोवण्याच्या (भातलावणीच्या) दिवसांत पलीकडच्या टोलीवरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, बाया तिथूनच ये-जा करतात. रस्त्याने जायचं तर नऊ किलोमीटरचा वळसा पडतो. टोलीतली सात पोरं पावसाळाभर डोंग्यानेच शाळेत येतात.

यंदा कान्होबा विसर्जनाला गर्दी असताना एक फळी मोडली आणि नववीतल्या मुलीचा पाय मांडीपर्यंत आत गेला. अकरा टाके पडले. मी तिच्या मागेच उभी होते. फळी मोडल्याचा आवाजसुद्धा आला नाही, आतून तिचा पार भुसा झाला होता. खाली वाकून पाहिलं तर सांगाड्याचे पापुद्रे हातात आले.

दुसऱ्या दिवशी ठराव करून जेट्टी बंद केली, म्हणजे दोरी बांधली. आता डोंगे बाभळीच्या खोडाला बांधतात आणि बाया डोक्यावर बोजा घेऊन गुडघाभर चिखलातून चढतात. धोका होता तेवढाच आहे, पन्नास पावलं बाजूला सरकलाय.

दोन महिने फिरते आहे. एका कार्यालयात म्हणाले, बोटिंग म्हणजे पर्यटन, तिकडे जा. तिकडे गेले तर म्हणाले, तलाव आमच्या ताब्यात नाही. तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी नोंदवही काढून दाखवली, त्यात जेट्टीची नोंदच नाही. बांधली तेव्हा कोणी कोणाकडे सोपवली याचा एक कागद सापडत नाही.

पैसा कुठून मिळू शकतो? जुनीच दुरुस्त करावी की तरंगती घ्यावी? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया लिहा.


वर्धाकाठ
३ नोव्हेंबर

ताई, मी पाटबंधाऱ्याच्या कामांत तीस वर्षं काढून निवृत्त झालो. पैशाचं नंतर बोलू, आधी जेट्टीचं.

लोखंड सगळ्यात लवकर कुठे सडतं, तर जिथे ते ओलं होतं, वाळतं आणि पुन्हा ओलं होतं तिथे. कायम पाण्याखाली असलेला भाग त्यामानाने टिकतो. मालगुजारी तलावात दसऱ्याला पाणी काठोकाठ आणि मे महिन्यात तळ दिसतो. म्हणजे तुमच्या सांगाड्याचा हात दोन हात पट्टा दरवर्षी हा मार खातो. फळ्या बदलून, वरून रंग मारून त्याचं काही होणार नाही. खांब मात्र ठीक असू शकतात. पाणी उतरलं की खांबांच्या बुडाशी सिमेंट फुगून सुटलंय का, आतली सळई दिसते का, ते पाहून घ्या. खांब शाबूत असतील तर निम्मं काम वाचलं.

तरंगती जेट्टी आता बऱ्याच जलाशयांवर दिसते. प्लास्टिकचे पोकळ ठोकळे एकमेकांत अडकवतात. साधारण अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, चाळीस सेंटीमीटर उंच. चौरस मीटरला सुमारे साडेतीनशे किलो भार पेलतात. पाण्याबरोबर वर-खाली होत असल्याने डोंग्यातून उतरताना पायरी कायम एकाच उंचीला राहते. म्हाताऱ्या बाईला आणि दप्तरवाल्या पोराला यासारखी सोय नाही.

पण दोन गोष्टी तिथे हमखास चुकतात. एक म्हणजे नांगर. साखळी आणि तळाचे सिमेंटचे ठोकळे कमी वजनाचे घातले तर पहिल्या मोठ्या वावटळीत सगळी जेट्टी फिरते. दुसरं, काठ आणि जेट्टी जोडणारा बिजागरीचा उतार. पाणी खाली गेलं की तो इतका खडा होतो की बोजा घेऊन चढता येत नाही, म्हणून तो लांब हवा. पुरवठादार भाव कमी दाखवायला नेमका तोच आखूड करतात. उन्हाळ्यात जेट्टी गाळावर टेकणार, तेव्हा खालची जागा सपाट करून घ्यायला लागेल. खुंट, दगड राहिला तर ठोकळा फुटतो.

आता तुमच्या अडचणीचं मूळ. मालगुजारी गेली तेव्हा १९५१ मध्ये हे तलाव सरकारजमा झाले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त आहेत. लहान तलाव बहुतेक जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधाऱ्याकडे. निस्ताराचे म्हणजे रोजच्या वापराचे हक्क गावाचे, पाणी एका खात्याचं, मासळीचा ठेका आणखी दुसरीकडून. जेट्टी यातल्या कोणाचीच नाही. ती आधी ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत आणा आणि तलाव ज्याच्या ताब्यात आहे त्याचं ना-हरकत पत्र घ्या. हे दोन कागद हातात नसतील तर कुठल्याही निधीची फाइल पहिल्याच टेबलावरून परत येते. पैसा मंजूर होऊन केवळ जागा कोणाची हे ठरेना म्हणून ३१ मार्चला परत गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. एकदा नाही, तीनदा.


अर्जुनीकर
४ नोव्हेंबर

वर्धाकाठ काकांनी लिहिलंय ते अगदी खरं. पैशापुरतं माझं थोडं.

जिल्हा नियोजन समितीकडे पुढच्या वर्षाचे प्रस्ताव हिवाळ्यातच जातात, म्हणजे हीच वेळ आहे. मार्च उजाडल्यावर गेलात तर वर्ष गेलं. आमदार निधी आणि खासदार निधी दोन्ही वर्षाला ५ कोटी. ऐकायला मोठा आकडा, पण मतदारसंघातली गावं मोजली की प्रत्येकाच्या वाट्याला किती येतं ते कळतं. तरी जेट्टी हे लहान काम आहे, त्यात बसू शकतं. खासदार निधीतून अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी किमान १५ टक्के आणि जमातींसाठी साडेसात टक्के कामं सुचवायची असतात. टोलीवर गोंड कुटुंबं असतील तर अर्जात ते आधी लिहा. एक अट मात्र नीट वाचा. काम झाल्यावर देखभाल कोण करणार याची हमी वापरणाऱ्या यंत्रणेला आधी द्यावी लागते.

ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या वित्त आयोगाच्या पैशात काही भाग बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेचा. उरलेल्या अबंधित मधून थोडं घालता येईल. पूर्ण जेट्टी त्यातून होणार नाही, गावाचा हिस्सा म्हणून दाखवता येईल. गावाने स्वतःचे चार पैसे घातलेत हे दिसलं की समोरचा माणूस फाइल वेगळ्या नजरेने पाहतो.


तुडूम
४ नोव्हेंबर

टोलीवर बावीस घरं गोंडांची आहेत. हे अर्जात लिहिण्यासारखं आहे हे मला दोन महिन्यांत कोणीच सांगितलं नाही. खूप आभार, भाऊ.


गोंदियाकर_दूरदेशी
५ नोव्हेंबर

मूळ गोंदियाचा, आता बारा वर्षं अमेरिकेत, मोठ्या तळ्याकाठच्या एका गावात. इथल्या सार्वजनिक मरीनाचा (बोटी लावायच्या तळाचा) धक्का बदलायचा होता तेव्हा गावाच्या बैठकांना मी जात होतो. दोन्हीकडची परिस्थिती एक नाही याची जाणीव ठेवून लिहितो.

इथे मासेमारीच्या सामानावर आणि बोटींच्या इंधनावर जो कर बसतो, तो एका वेगळ्या निधीत जातो आणि पुन्हा पाण्यावरच खर्च होतो. १९५० च्या कायद्याने सुरुवात झाली, १९८४ मध्ये त्यात बोटींच्या इंधनाची भर पडली. १९९८ पासून त्यातूनच मुक्कामाला येणाऱ्या मोठ्या बोटींच्या धक्क्यांसाठी अनुदान मिळतं. केंद्राचा वाटा जास्तीत जास्त ७५ टक्के, बाकीचं गावाने उभं करायचं. आमच्या गावाने ते बोटी बांधण्याच्या भाड्यातून केलं.

मला भावलेली गोष्ट अनुदान ही नाही. मरीनाचं भाडं गावाच्या सामान्य खात्यात मिसळत नाहीत, त्याचं खातं निराळं. धक्का नवा असतो त्या पहिल्या वर्षापासून पुढच्या धक्क्यासाठी रक्कम बाजूला पडत राहते. भाडं वाढवायचं ठरलं तेव्हा लहान बोटीवाल्यांनी बैठकीत आरडाओरडा केला, तीन महिने ते चाललं. पण खात्याचा कागद सगळ्यांसमोर होता, त्यामुळे भांडण रकमेवर झालं, कोणाच्या हेतूवर झालं नाही.

तुमच्याकडे बोटिंगच्या तिकिटाचे पैसे कुठे जातात, ताई?


डोंगेवाला
५ नोव्हेंबर

मी ढीवर समाजाचा, आमच्या मत्स्य संस्थेत सतरा वर्सं काम केलं. दूरदेशी भाऊनं चांगलं लिवलं, पन तेच्यावरून उद्या कोनी म्हनन का डोंगेवाल्यायकडून भाडं घ्या. म्हनून आधीच सांगतो.

आमी तलावाचा ठेका भरतो. पानी आटलं, मासोरी मेली, तरी भरतो. बेशरमाच्या झुडपानं अर्धा तलाव खाल्ला तरी ठेका तेवढाच. बीज टाकाचं आमी, राखन आमची, आन आमच्या ठेक्यातला एक रुपया तलावाच्या काठाले परत लागत नाई. तवा जेट्टीचं भाडं आमच्याकडून मागू नका. तेच्यापेक्षा अशी मागनी करा का ठेक्याच्या रकमेतला काई हिस्सा त्याच तलावाच्या घाटाले लागला पायजे.

दुसरी गोस्ट. मत्स्य संपदा योजनेत होडी, जारं, बरफाची पेटी असं भेटते. सर्वसाधारनले ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आन बायायले ६० टक्के. आमी भटक्या जमातीत येतो, म्हनून आमाले ४० च. पन आमच्या बाया मासोरी इकतेत, जारं इनतेत. बायायचा गट करून तेयच्या नावानं अर्ज केला तं ६० भेटते. जेट्टी तेच्यातून होनार नाई, पन तराजू, बरफपेटी, होडी तेच्यातून आनली तं जेट्टीच्या अंदाजपत्रकातला तेवढा बोजा कमी होते.

आन तुमच्या त्या पोरीचा पाय बरा हाय का आता?


तुडूम
५ नोव्हेंबर

दादा, पाय बरा आहे, शाळेत जाते. पाण्याकडे मात्र येत नाही अजून.

दूरदेशी भाऊ, तिकिटाचे पैसे ज्याला बोटिंगचं कंत्राट होतं तो घ्यायचा आणि ग्रामपंचायतीला वर्षाला ठरलेली रक्कम द्यायचा. ती सामान्य खात्यात जमा व्हायची आणि दिवाबत्तीला, पगाराला लागायची. जेट्टीला वीस वर्षांत एकदा रंग दिला आहे. हे लिहिताना वाईट वाटतं, कारण त्यातली चार वर्षं मी स्वतः सदस्य आहे आणि मीही कधी विचारलं नाही.


चातीपोळ
६ नोव्हेंबर

मी हिशेबाचं काम करतो. साधं गणित मांडतो. समजा हंगामात ५००० तिकिटं जातात आणि प्रत्येक तिकिटातले १० रुपये वेगळ्या खात्यात पडतात. वर्षाला ५० हजार. दहा वर्षांत व्याज सोडून ५ लाख. नवी जेट्टी त्यातून होणार नाही, पण ठोकळे बदलणं, साखळी, फळ्या, कठडा हे सगळं होईल, आणि जेट्टी दहाऐवजी वीस वर्षं जगेल. टोलीवरचे लोक आणि डोंगेवाले यांना तिकीट नाही, हे ठरावातच लिहा. पर्यटकाच्या तिकिटातून गावाचा घाट जगला पाहिजे.

खातं स्वतंत्र, ग्रामसभेच्या ठरावाशिवाय पैसे निघू नयेत. डोंगेवाला दादा, ठेक्याच्या हिश्शाची तुमची मागणी मला शंभर टक्के पटते, पण त्याला वरून निर्णय लागेल. तिकिटातले दहा रुपये उद्यापासून बाजूला ठेवता येतात.


वैनगंगेपल्याड
८ नोव्हेंबर

गडचिरोलीतून लिहिते. तुम्ही सगळे पैशावर बोलताय, ते बरोबरच आहे. पण अर्जात या जेट्टीला पर्यटनाचं काम म्हणू नका. हा सुरक्षित उताराचा घाट आहे, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे, तसंच लिहा.

२३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या बाया होत्या. सहा जणी गेल्या. १४ सप्टेंबर २०२१ ला वरूड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत अकरा जण बुडाले. या दोन्हींत फिरायला आलेले होते, दशक्रियेला आलेले होते, मजुरीला निघालेल्या होत्या. आमच्याकडे होडी ही हौस नाही, मजुरीला जायची वाट आहे. रोवणा, कापणी, मिरची, तेंदू, सगळं पाण्यापलीकडे असतं.

म्हणून घाटाच्या अंदाजपत्रकात जीवरक्षक जाकिटं, दोर, फेकायचं कडं, रात्रीचा दिवा आणि एका डोंग्यात किती माणसं याचा फलक हे सगळं पहिल्याच पानावर यायला हवं. मागाहून बघू म्हटलं की राहून जातं. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात इंजिन नसलेल्या होड्यांच्या नोंदीचं काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीने डोंग्यांची वही आतापासून घालायला हरकत नाही. शुल्क घेऊ नका, फक्त नोंद करा.

आणि ग्रामसभा जोरात घ्या. आमच्याकडे मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले आणि बांबूचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात आणले. तुमचं क्षेत्र पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यात) नसेल, तरी ग्रामसभेने एकमुखाने केलेला ठराव साहेबाच्या टेबलावर वेगळा दिसतो.


अर्जुनीकर
८ नोव्हेंबर

ताई, तुम्ही म्हणता ते मनाला लागलं. पण एक व्यवहाराची शंका आहे. 'घाट' लिहिलं तर पर्यटनाच्या शीर्षाखालचा पैसा मिळणार नाही, 'जेट्टी' लिहिलं तर ग्रामविकासाचा मिळणार नाही. मग काय लिहायचं?


वर्धाकाठ
९ नोव्हेंबर

काम दोन भागांत करा, अंदाजपत्रकं दोन. पहिल्यात काठाचं दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर), पायऱ्या, पोहोचरस्ता. हे रोजगार हमीत बसतं, मजुरीचा वाटा ६० टक्के लागतो आणि दगडाच्या कामात तो सहज भरतो. जेट्टीसमोरचा गाळ 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' मध्ये काढा, शेतकरी स्वतः वाहून नेतील. गाळ गेला की उन्हाळ्यात जेट्टी टेकायची जागाही सपाट होईल. एका कामात दोन्ही साधतं.

दुसऱ्यात फक्त तरंगता भाग, उतार, नांगर आणि सुरक्षेचं सामान. यासाठी नियोजन समिती किंवा लोकप्रतिनिधी निधी. यात एक खोच आहे. तरंगते ठोकळे नेहमीच्या दरसूचीत नसतील तर अभियंता अंदाजपत्रक बनवायलाच कचरतो. बाजारभावाची तीन दरपत्रकं आधीच जोडून द्या, म्हणजे तांत्रिक मान्यता अडणार नाही. प्रशासकीय मान्यता त्यानंतरची गोष्ट.

दोन भाग दोन ठिकाणी अडकायचाही धोका असतो, तो मी लपवत नाही. पण पहिला भाग एकटा झाला तरी बायांना चिखलातून चढायला लागणार नाही.


तुमसरची
९ नोव्हेंबर

आमच्या तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॉइल या सरकारी कंपनीच्या मँगनीज खाणी आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीच्या २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. ग्रामीण विकास त्यात बसतो. कंपन्या आपल्या परिसराला प्राधान्य देतात, त्यामुळे जवळ कोणती मोठी कंपनी आहे ते आधी पाहा. खाणबाधित क्षेत्रात गाव येत असेल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधीही आहे. दोन्हीकडे एक पानाचा अर्ज, चार फोटो, किती लोक रोज वापरतात याची मोजणी. मोजणी नसेल तर वाचतही नाहीत. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ कोणीतरी वही घेऊन बसा.


सारसमित्र
१० नोव्हेंबर

थोडं वेगळं. तुमच्या भागात सारस पक्षी अजून तग धरून आहेत, पावसाळ्यात बांधीत (धानाच्या शेतात) आणि तलावाच्या उथळ काठाला घरटं करतात. काम मार्च ते मे मध्येच उरका आणि दुसऱ्या काठाचा देवधान (रानटी भात), गवत हात न लावता सोडा. जेट्टीवर प्रखर दिवा लावू नका, खाली झुकलेला, पिवळा लावा.


तुडूम
२८ जानेवारी

बरेच दिवस लिहिलं नाही, सगळ्यांची माफी. धानाची मळणी आणि ही धावपळ एकत्र आली.

परवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव झाला. कोरम पहिल्यांदाच तासभरात भरला, कारण टोलीवरच्या एकतीस बाया आल्या. जेट्टी ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत आली. तलावाच्या ताब्याच्या कार्यालयाने ना-हरकत दिली, अडीच महिने लागले. मोजणी केली: नववी-दहावीच्या मुलांनी आठ दिवस वही धरली. ज्या मुलीचा पाय अडकला होता ती मोजणीला बसली, काठापासून लांब, पारावर, पण बसली. दिवसाला सरासरी एकशे चौदा माणसं त्या घाटावरून जातात-येतात, आणि हे जेट्टी बंद असताना.

पिचिंग आणि पायऱ्यांचं काम रोजगार हमीच्या आराखड्यात घेतलं आहे. तरंगत्या भागाचा प्रस्ताव नियोजन समितीकडे तीन दरपत्रकांसह गेला. मंजूर झालेला नाही, आश्वासनावर मी नाचणार नाही. वेगळ्या खात्याचा ठराव मात्र ताबडतोब झाला. तिथे वाद झाला. दोन सदस्य म्हणाले, खातं वेगळं केलं तर दिवाबत्तीला कमी पडेल. ते खोटं बोलत नव्हते, खरंच कमी पडणार आहे. शेवटी दहाऐवजी तिकिटाला सात रुपयांवर ठरलं. चातीपोळ भाऊ, सात रुपयांचं गणित पुन्हा मांडून द्याल का?

आणि एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. टोलीवरच्या एका आजीने उभं राहून विचारलं, कठडा कोणत्या बाजूला लावणार? म्हणाली, बोजा उजव्या हाताने धरतो आम्ही, आधाराला डावा हात मोकळा असतो, आणि येताना-जाताना दोन्ही वेळा बोजा असतो. म्हणजे दोन्ही बाजूंना हवा. दरपत्रकात एकाच बाजूचा होता. तो बदलून घेतला, रक्कम थोडी वाढली.


डोंगेवाला
२८ जानेवारी

दोनी बाजूनं लावा, पन डोंगा लागते तितं दोन जागी मोकरी ठेवा. नाई तं जारं अडकते. चार हाताची मोकरी जागा पुरते. आन ठेक्याच्या हिश्शाची गोस्ट ठरावात आली का?


तुडूम
२९ जानेवारी

आली दादा, वेगळा ठराव करून वर पाठवला आहे. मोकळ्या जागेचं उद्याच अभियंत्याला सांगते.


चातीपोळ
२९ जानेवारी

सात रुपयांनी ३५ हजार वर्षाला. फळ्या, साखळी, कठडा निघेल. ठोकळे बदलायला दहाव्या वर्षी कमी पडेल, ती तूट तेव्हाच्या अबंधित निधीतून धरावी लागेल. पत्रक बनवून पाठवतो, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.


वर्धाकाठ
३० जानेवारी

पाणी उतरायला लागलं असेल. मार्चच्या पहिल्या आठवड्यात खांबांचे बुडापासून फोटो काढा, प्रत्येक खांबाला क्रमांक टाकून, शेजारी मोजपट्टी उभी धरून. मला पाठवा. कोणते खांब ठेवायचे आणि कोणते तोडायचे ते त्यावरून सांगतो. शक्य झालं तर एप्रिलात स्वतः येऊन पाहतो.